हरकतीचं बटण

चारित्र्य पडताळणी हे काम सोनलनं फारच हलकं धरलं होतं. आपल्या चारित्र्याबद्दल तिला शंका नव्हती, आणि पडताळणी या गोष्टीबद्दल तर तिला मनापासून आदर होता, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या माणसाला तो असावाच लागतो. पुण्याच्या कंपनीनं नोकरीच्या पत्रासोबत बारा कागद मागितले होते. अकरा जमले होते. बारावा पोलीस ठाण्यातून आणायचा आणि दोन जूनला कामावर हजर व्हायचं. मधे एकोणीस दिवस होते. त्यातली एक सकाळ तिनं या कामासाठी काढली होती.

सावळेराम हवालदारांनी कॉम्प्युटरकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग पुन्हा कॉम्प्युटरकडं.

“सोनल बाळासाहेब. गाव वडमाळ. म्हंजी त्या तुमीच?”

“त्या म्हणजे?”

“गेमवाल्या.”

मग त्यांनी एका फायलीतून कागद काढून समोर धरला. वडमाळच्या तंटामुक्ती समितीचा अर्ज होता. ‘यात्रेतील मारामारीचे मूळ कारण म्हणजे कु. सोनल हिने बनविलेला व्हिडिओ गेम असून, त्यामुळे गावातील शांतताप्रिय ग्रामस्थांची माथी भडकली. तरी सदर गेमवर बंदी घालून संबंधितास योग्य ती समज द्यावी.’ खाली सात सह्या आणि दोन अंगठे.

“म्हणजे माझ्यावर गुन्हा दाखल आहे?”

“छे छे. गुन्हा नाय. अर्ज हाय.”

“गुन्हा नाही ना? मग माझा दाखला द्या.”

“अर्ज हाय ना पण.”

“त्या अर्जाची चौकशी करा.”

“गुन्हाच नाय तर चौकशी कशाची करायची?” हवालदार समजुतीनं म्हणाले. “हे बघा मॅडम, ज्यांनी अर्ज दिला त्यांच्याकडून मागं घेतल्याचं पत्र आणा. लगेच दाखला देतो.”

सोनलनं जिना उतरता उतरता मोबाईलवर नवी नोंद केली: ‘काम एक सकाळ. दुरुस्ती: दोन दिवस.’ शास्त्र शिकलेला माणूससुद्धा किती आशावादी असू शकतो, याचा नमुना म्हणून ती नोंद जपून ठेवण्यासारखी आहे.

आता गेमबद्दल. तिचं नाव ‘बारी’. जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्याला बैलगाड्याची बारी समजवायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगायला हवं. आपल्याकडं घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, एका वेळी एकच गाडा पळतो. गाड्यावर हाकणारा कुणी नसतो, बैल आपले आपण पळतात, पुढं घोडीवाला असतो, आणि किती सेकंदांत निशाण गाठलं ते घड्याळ सांगतं. त्या एका धावेला बारी म्हणायचं. भांडण होतं ते घड्याळाशी, म्हणजे घड्याळवाल्याशी, म्हणजे शेवटी सगळ्यांशी.

सोनलनं परीक्षेनंतरच्या रिकाम्या दिवसांत ही बारी मोबाईलमध्ये उतरवली होती. घाटाचा चढ तिनं स्वतः टेप लावून मोजला. बैलाचं वजन, मातीची ओल, मधेच बुजण्याची शक्यता, सगळं गणितात बसवलं. आणि खेळ अगदी खऱ्यासारखा वाटावा म्हणून एक बटण घातलं: ‘हरकत’. आपली बारी हरली की ते दाबायचं. मग निवेदक ओरडतो, “हरकत आलीय! हरकत आलीय! घाट मोकळा करा!” आणि घड्याळ पुन्हा तपासलं जातं. एकूण दोनशे बारा जणांनी गेम उतरवून घेतली होती. त्यातले चार म्हणजे सोनलच.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या आळीचा गाडा बारा सेकंद एकतीसवर आला, आणि खालच्या आळीचाही बारा सेकंद एकतीसवर. खालच्या आळीच्या कुशाबांनी हरकत घेतली. पुढं चार मिनिटं जे झालं त्यात दोन शर्ट, एक कर्णा आणि एक कवळी कामी आली. ही हानी वडमाळच्या मानानं किरकोळ होती आणि संध्याकाळच्या जेवणावळीत विरूनही गेली असती. पण पारगावच्या एका पाव्हण्यांचा चष्मा फुटला, आणि पाव्हण्यांनी तो खिशात घालून थेट पोलीस ठाणं गाठलं. पोलिसांनी समितीला विचारलं, भांडणाचं कारण लेखी कळवा. समितीनं कळवलं.

समितीचे अध्यक्ष गेणभाऊ. संध्याकाळी सोनल त्यांच्या ओट्यावर गेली तेव्हा ते टोमॅटोचे क्रेट मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी तिला बसायला एक क्रेट पालथा घातला.

“आबा, तुम्ही माझ्याविरुद्ध पोलिसात अर्ज दिलात?”

“तुझ्या इरुद्ध कुठं? गेमच्या इरुद्ध दिलाय.”

“नाव माझं आहे त्यात.”

“मग काय करायचं? गेमला आडनाव नसतं.”

“पण आबा, हरकतीचं बटण मी कुशाबाकाकांना बघूनच घातलं. ते मी जन्मायच्या आधीपासून हरकत घेतायत. कारण आधी असतं आणि परिणाम नंतर. गेम तर आत्ता फेब्रुवारीत आली.”

गेणभाऊंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. “तू हुशार हायेस, त्यात वाद नाय. पण समितीचं म्हणणं पडलं, की गेम सुधारून दे, मंग अर्ज मागं घ्यायचा इचार करू.”

सुधारून द्यायला सोनलची हरकत नव्हती. (हा शब्द त्या दिवसांत तिच्या तोंडून सहज निघायचा बंद झाला होता, ते सोडा.) दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात समिती बसली. मोबाईल एका सतरंजीवर मधोमध ठेवला आणि नऊ जण भोवती, जणू काही त्याचा पंचनामा करायचा आहे.

पहिली सूचना आली की, गेममध्ये कुणी हरू नये. हरलं की माणूस चिडतो. दुसरी, सेकंद दाखवू नयेत. सगळा वाद सेकंदाचा. तिसरी, वरच्या आळीचा बैल पांढरा आणि खालच्या आळीचा कोसा, हा उघड पक्षपात आहे. दोन्ही पांढरे करा. मग वरच्या आळीचे भरतराव म्हणाले, दोन्ही पांढरे केले तर आमच्या आळीचा कुठला ते कळणार कसं? त्यावर असं ठरलं की, न कळलेलंच बरं. निवेदकाचा आवाज भडकाऊ वाटतो, तो काढा. गुलाल उधळल्यावर जिंकल्यासारखं वाटतं, तो काढा. घोडी का पळते पुढं, ती बैलांना चिथावते असं पोरांना वाटेल, ती चालवा. चाबूक काढा, अशीही एक सूचना आली. चाबूक गेममध्ये नव्हताच. “मंग आधी घाला अन् काढा, म्हंजी नोंद ऱ्हाईल,” असं सूचना करणाऱ्यानं सुचवलं.

सतरा सूचना झाल्या. सोनलनं सगळ्या लिहून घेतल्या, क्रमांक घातले, आणि चार दिवसांत एकूण एक अमलात आणल्या. अपमान होत होता, पण अपमान आणि काम हे दोन वेगळे रकाने आहेत असं ती स्वतःला बजावत होती.

सुधारित ‘बारी’ अशी झाली: दोन पांढरे गाडे एकापाठोपाठ शांतपणे चढ चढतात. घोडी बाजूनं चालते. वर पोचल्यावर पाटी येते, ‘दोन्ही गाडे छान पळाले.’ आणि हरकतीच्या जागी एक हिरवं बटण: ‘मान्य आहे’.

गेणभाऊंनी दोन मिनिटं खेळून पाहिलं. मग मोबाईल खाली ठेवला. “ह्यात मजा नाय.”

“तुम्हीच सांगितलं तसं केलंय, आबा.”

“केलंयस खरं.”

कुशाबांनी मोबाईल उचलला. ते खालच्या आळीचे, जीपवाले. नारायणगाव ते वडमाळ दिवसातून सहा फेऱ्या. त्यांनी हिरवं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग विचारलं, “पण ह्ये काय मान्य करायचं?”

“जे झालं ते.”

“आन् मला मान्य नसलं तर?”

“तशी सोय काढून टाकलीय, काका. सूचना क्रमांक अकरा. तुमचीच.”

“आसं कसं! मानसाला कायतरी बोलायला जागा पायजे का नको?” कुशाबा खरोखरच दुखावले. “ह्ये काय बरूबर न्हाई राव. हरकत पायजेच.”

तरीही समितीनं शब्द पाळला. गेणभाऊंनी अर्ज मागं घेतल्याचं पत्र लिहून आणलं आणि सोनलपुढं पेन धरलं. पत्रात आधी तिचीच कबुली होती: ‘मी बनविलेल्या गेममधील दोषामुळे यात्रेत मारामारी झाली, हे मला मान्य असून तो दोष मी दूर केला आहे.’

सोनलनं ते दोनदा वाचलं. “यातला दुसरा भाग खरा आहे. पहिला खोटा आहे.”

“मंग निम्मं खरं झालं की,” गेणभाऊ म्हणाले.

“मी सही करणार नाही.”

“सोनल, दोन तारखेला तुला जायचंय.”

“जायचंय. पण गेममुळे मारामारी झाली हे कुणीच तपासलेलं नाही. मी तपासते. खरंच तसं निघालं तर याच पत्रावर सही करीन.”

ही बातमी ती घरी पोचायच्या आत शेजारच्या बायडाबाईंपर्यंत पोचली होती. त्या कुंपणापाशी वाटच पाहत होत्या.

“सही करून मोकळी व्हायचं ना गं! लग्नाच्या वक्ताला कुनी इचारलं, पोरीच्या नावावर पोलिसात काय हाय, तर काय सांगायचं? आन् टीव्हीवर सांगत व्हते, गेम खेळून डोक्यात क्यामिकल व्हतं, मंग मानूस मारतो.”

“मावशी, तुमची ती मालिका. त्यात सून सासूच्या दुधात विष घालते. किती दिवस झाले?”

“मार्चपासनं घालती. म्हातारी पेतच न्हाई.”

“तुम्ही रोज बघता. तुम्ही घातलंत कुणाला?”

बायडाबाईंनी मागं वळून घराकडं पाहिलं. आत त्यांच्या सासूबाई खोकत होत्या. “मनात लई बारी आलं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पर ते मालिकेमुळं न्हाई. ते सासूबाईंमुळंच.”

सोनलनं ही नोंद वहीत घेतली. हा एकच नमुना होता, पण फार स्वच्छ होता.

मग तिनं रीतसर पाहणी सुरू केली. मारामारीत हात उचललेली माणसं चौदा. सरासरी वय एक्कावन्न. मोबाईलवर गेम असलेला एकच, भरतराव, आणि त्यांनीही यात्रेआधी, एप्रिलमध्येच काढून टाकली होती, कारण तिच्यात त्यांचा बैल तीनदा बुजला. उलट गावात गेम खेळणारे म्हणावेत असे आठ जण. त्यातल्या एकानंही कुणाला बोट लावलं नव्हतं. तिघं तर मंडपामागं सावलीत बसून ‘बारी’ खेळत होते आणि भांडण झालं हे त्यांना संध्याकाळी जेवताना कळलं.

म्हणजे आकड्यांवरून बोलायचं तर गेम खेळल्यानं मारामारी कमी होत होती. पण नमुना फार लहान, असा निष्कर्ष काढणं योग्य होणार नाही, असं सोनलनं प्रामाणिकपणे खाली लिहिलं. आपल्या बाजूच्या पुराव्यालाही सवलत द्यायची नाही, हा तिचा नियम. या नियमानं पुढं तिची झोप उडवली.

कारण एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण ‘गेममुळे नाही’ एवढं म्हणून भागत नाही, ‘मग कशामुळे’ हे आलंच. यात्रेतल्या गर्दीनं मोबाईलवर काढलेले अकरा व्हिडिओ तिनं गोळा केले. प्रत्येकाची वेळ वेगळी होती, पण सगळ्यांत निवेदकाचं एक वाक्य ऐकू येत होतं: “पाव्हण्यांनी कृपया घाटातून बाजूला व्हावं.” तिनं अकराही व्हिडिओ त्या वाक्यावर जुळवले आणि कुणाचा हात कधी उठला ते सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मांडलं. एक ते चौदा.

पहिला हात उजवा होता. पांढरी बाही, मनगटावर तपकिरी पट्ट्याचं घड्याळ. तो कुशाबांच्या गालावर बसला.

वडमाळमध्ये उजव्या हातात घड्याळ घालणारा एकच माणूस होता, आणि तो त्या वेळी अंगणात बसून पंपाचा नट सोडवत होता. बाळासाहेब. सोनलचे वडील.

तिनं तो तुकडा बावीस वेळा पाहिला. बावीस वेळा तेच उत्तर येत होतं. एरवी अशा गोष्टीचा तिला आनंद झाला असता.

दुसऱ्या दिवशी ती गेणभाऊंकडं गेली. पालथा क्रेट तिथंच होता. ती काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “सापडला म्हंजी तुला बाप.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, मी तिथंच हुबा व्हतो. आख्खा गाव व्हता. आमी काय आंधळे हाय?” गेणभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “हवालदार इचारतोय, कारण काय. बाळासायबाचं नाव घ्यावं तर वरची आळी उठतीय. कुशाबानं आधी शिवी दिली म्हणावं तर खालची आळी उठतीय. पुढच्या यात्रंपर्यंत पुरलं असतं. मंग म्हणलं, असा कुणीतरी बघा ज्याला आळी नाय, भावकी नाय, आन् ज्याच्यामागनं कुणी भांडायला येनार नाय. गेम सापडली.”

सोनलला हे मान्य करावं लागलं की विचार सुसंगत होता. फक्त एक चूक होती. “आबा, गेमला आळी नाही. पण मला आहे ना?”

“तू तर पुण्याला चालली,” गेणभाऊ सहज म्हणाले.

तिला ते लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण सतरा सूचनांनी जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. सोनल उठली, क्रेट सरळ करून बाकीच्यांवर रचला आणि म्हणाली, “सत्तावीस तारखेला बैठक लावा. सगळ्यांना बोलवा. मला एकच प्रश्न विचारायचाय.”

घरी वडील, म्हणजे तिचे अण्णा, जेवायला बसले. वाढपाचं पातेलं फिरून गेल्यावर ताटाकडं बघतच म्हणाले, “करून टाक सही.”

“खोटं आहे ते, अण्णा.”

“किती खोटं?”

“पूर्ण.”

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, आणि मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सारलं. सोनलनं ते पाहिलं. अण्णांनीही तिनं पाहिलेलं पाहिलं. त्यापुढं दोघांनीही आमटीबद्दल चांगलं मत दिलं.

व्हिडिओ दाखवायचा नाही, हे तिनं त्याच वेळी ठरवलं. आपल्या नावावरचा डाग वडलांच्या नावावर पुसायचा नाही. पण खोट्यावर सहीही करायची नाही. या दोन्हींच्या मधून जाणारी वाट फार अरुंद होती, आणि तिचं नाव होतं तो एकच प्रश्न.

सत्तावीस तारखेला सभामंडप भरला. वरची आळी डावीकडं, खालची उजवीकडं, बायका मागं, आणि ग्रामसेवक रजिस्टर उघडून मधे. सोनल उभी राहिली. शेकडो डोळ्यांपुढं बोलायची तिला सवय नव्हती.

“मला कुणाला दोषी ठरवायचं नाही,” ती म्हणाली. “समितीनं लिहिलंय की गेममुळे तुमची माथी भडकली. ज्यांनी हात उचलला त्यांची यादी माझ्याकडं आहे. मी नाव घेईन. प्रत्येकानं एवढंच सांगायचं: तुम्ही मारलंत ते स्वतःच्या मनानं, का मोबाईलमधल्या गेमनं मारायला लावलं म्हणून?”

मंडपात कुजबुज झाली. सोनलनं कागद उचलला. तिच्याकडं दोन याद्या होत्या, एक वयानुसार आणि एक वेळेनुसार. आयुष्यात कधी चुकीचा तक्ता न उचललेल्या मुलीनं त्या दिवशी तो उचलला. पहिलं नाव तोंडातून निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

“बाळासाहेब.”

गेणभाऊंनी डोळे मिटले. ‘गेममुळे’ एवढं एकच म्हटलं की अण्णा सुटले असते, आणि सोनल कायमची अडकली असती. तिनं यादीवरून मान वर केली नाही.

अण्णा सावकाश उभे राहिले. शर्टाची बाही त्यांनी वर सारली. घड्याळ सगळ्यांना दिसलं.

“मला फोन उचलता येतो आन् ठेवता येतो,” ते म्हणाले. “गेम कशाला म्हणत्यात ते मला ठावं नाय. कुशाबाला मी मारली. माझ्या हातानं मारली, माझ्या डोक्यानं मारली. पोरीचा काय संबंध नाय.”

उजवीकडून कुशाबा उसळून उठले. मंडपातले सगळे सावरून बसले. आता दुसरी फेरी.

“मारली म्हनं! लागली तरी का रं? माशी बसल्यावानी झालं. मी फिरवून दिली ती लागली व्हती का न्हाई, खरं सांग!”

“लागली व्हती,” अण्णा प्रामाणिकपणे म्हणाले.

“हां! मंग ल्ह्या तिथं!” कुशाबा ग्रामसेवकांकडं वळले. “कुशाबानं मारली, पूर्ण शुद्धीत मारली. गेमनं मारायला लावली म्हनं! चाळीस वरसं घाटात हाय मी. मोबाईल सांगंल आन् मी मारीन व्हय?”

मग धरण फुटलं. भरतराव म्हणाले, मी दोन मारल्या, एकच लिहू नका. कर्णा फोडणारे म्हणाले, कर्णा मी फोडला, त्याचं श्रेय कुठल्या गेमला देऊ नका. कवळीवाल्यांनी आपली कवळी कुणाच्या ठोशानं पडली ते साक्षीसह सांगितलं, आणि ज्यांचा ठोसा होता त्यांनी उठून नमस्कार केला. पंधरा दिवस ज्या कारणाला गावानं मान डोलावली होती, ते प्रत्येकाला एकट्याला चिकटवून पाहिल्याबरोबर सगळ्यांचा अपमान झाला होता. चौदापैकी चौदा. इतका एकमुखी निकाल सोनलला पूर्ण एम.एस्सी.त मिळाला नव्हता.

शेवटी एक पंधरावे गृहस्थ उठले आणि आपलंही नाव घ्या म्हणाले.

“तुमचं नाही घेता येणार, काका,” सोनल म्हणाली.

“का बरं? मी बी व्हतो की!”

“एक वाजून बारा मिनिटांनी तुम्ही रसवंतीवर होतात. तीन व्हिडिओंत दिसताय. ग्लास हातात आहे.”

“अगं, मन तिकडंच व्हतं माझं.”

“मनाची नोंद नाही माझ्याकडं.”

गृहस्थ खट्टू होऊन खाली बसले. त्यांची बायको मागून मोठ्यानं हसली.

नवं पत्र गेणभाऊंनीच सांगितलं आणि ग्रामसेवकांनी लिहिलं: ‘यात्रेतील मारामारी आम्ही खालील चौदा जणांनी स्वतःच्या मनाने व पूर्ण शुद्धीत केली. त्यात कोणत्याही गेमचा काडीमात्र हात नाही. सबब पूर्वीचा अर्ज मागे घेत आहोत.’ सह्या करायला रांग लागली. पेन देताना कुशाबा अण्णांना म्हणाले, “पयली तू कर. तुझी पयली व्हती.”

दुसऱ्या दिवशी सावळेराम हवालदारांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

“मॅडम, माझी सव्वीस वर्षं नोकरी झाली. मारामारी केली नाय म्हणून सही देनारे लई बघितले. केली म्हणून देनारे पयलेच.” मग ते थोडं पुढं झुकले. “पण ह्याचा अर्थ कळतोय का तुमाला? पाव्हण्यांची तक्रार उभी हाय. आता चौदांनाबी तहसीलला बोलवावं लागंल. चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून द्यावा लागंल. आन् पयली सही...”

“माझ्या वडलांची आहे.”

“घरी बोललाय का तुमी त्यांना?”

“त्यांना माहीत आहे. त्यांनीच सांगितलं, आजच नेऊन दे.”

हवालदारांनी कागद हातात तोलल्यासारखा केला. “अजून टायम हाय. ऱ्हाऊ द्या म्हणलात तर हा कागद मी बघितलाच नाय. तुमच्या दाखल्याचं बघू कायतरी.”

सोनलला हवं ते टेबलापलीकडं होतं, आणि ते थोडंसं तिरकं करून दिलं जात होतं. ती हसली नाही की चिडली नाही. तिनं टेबलावरून पत्राची दुसरी प्रत पुढं सरकवली.

“त्यावर पोच द्या, साहेब. शिक्का, सही आणि तारीख.”

हवालदारांनी शिक्का मारला. तारखेचा आकडा पुसट उठला, तेव्हा तिनं पुन्हा मारायला लावला. दाखला अर्ध्या तासानं मिळाला, आणि सोबत चौदा जणांसाठी तहसीलची तारीख व वेळही. ‘प्रतिकूल काही आढळले नाही’ असं त्यावर लिहिलं होतं. ती ते उभ्याउभ्याच शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून बाहेर आली.

अण्णा मोटारसायकलवर एक पाय टेकून उभे होते.

“झालं?”

“माझं झालं. तुम्हाला सोमवारी जुन्नरला जावं लागेल. तहसीलमध्ये. चौदा जणांना.” सोमवारी दोन जून होती. तिनं थांबून सांगितलं, “म्हणजे मला स्टँडवर सोडायला तुम्ही नसाल.”

अण्णांनी चावी फिरवली, पण गाडी चालू केली नाही.

“किती वाजता बोलावलंय?”

“अकराला.”

“मंग तुला आठची गाडी धरून देऊ,” ते म्हणाले. “आन् आमी तशेच फुडं जाऊ. बोलावनं येनारच म्हणून कुशाबाला आधीच सांगितलंय जीप काढायला. चौदा मानसं हायेत, दोन फेऱ्या लागतील. पयल्या फेरीला कोण आन् दुसऱ्या फेरीला कोण, त्याच्यावरनं सकाळपास्नं वाद चाललाय.”

सोनलनं दाखला पिशवीत नीट सपाट ठेवला आणि मागं बसली. “मग यादी मी करून देते,” ती म्हणाली.